जाताना एक रूळ, येताना दुसरा

गाव चालायला कसं आहे, हे गावच्या पुढाऱ्याला विचारू नये. तो जीपमधून फिरतो. ते पोस्टमनला विचारावं. मी शिरूरला पोस्टवूमन होते, म्हणून हे एवढ्या तोऱ्यात सांगते. बाईमाणूस टपाल वाटतं हे तेव्हा लोकांच्या पचनी पडत नसे. दार उघडून बायका माझ्या खांद्यावरून मागे बघायच्या, खरा पोस्टमन कुठे राहिला म्हणून. सकाळी थैली अडकवून निघाले की दुपारच्या जेवणापर्यंत अर्धं गाव माझ्या पायाखालून जायचं. पोस्टाने सायकल दिली होती, पण पेठेतल्या गल्ल्यांत ती हातात धरूनच चालावं लागे. मग मी ती पोस्टाच्या भिंतीला टेकवली ती टेकवलीच.

तर शिरूरबद्दल माझी मतं पक्की आहेत. जुनं गाव, ज्याला म्हातारी माणसं अजून घोडनदीच म्हणत आणि पत्रावरही तसंच लिहीत, ते चालायला उत्तम. कापड बाजारातून नदीकडे उतरणाऱ्या गल्ल्या अरुंद, दोन्हीकडे ओटे, सावली मुबलक. ओट्यावरची म्हातारी ‘पाणी घे गं’ म्हटल्याशिवाय पुढे सोडत नाही. पण याच गावाच्या अंगावरून पुणे-नगर रस्ता जातो आणि त्या रस्त्याच्या लेखी पायी चालणारं माणूस जन्मालाच आलेलं नाही. रांजणगावला कारखाने आले आणि कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या, हात केला की थांबून माणसं भरणाऱ्या वडापच्या जीपा असे सगळेच हॉर्नवर हात ठेवून शिरूरमध्ये शिरायला लागले. पुढे कुणी असो-नसो, हॉर्न वाजायचाच. एसटी स्टँडवरून माझ्या खोलीवर यायला हाच रस्ता होता.

दौंडचं उलटं. तिथे रस्त्याचा नाही, रेल्वेचा वचक. लायनीने गावाचे दोन तुकडे केले आहेत. इकडच्या माणसाला तिकडे जायचं तर स्टेशनचा जिना चढा, नाहीतर लायनीखालच्या कुरकुंभ मोरीत शिरा. त्या मोरीतून माणूस, म्हैस आणि टेम्पो एकाच वेळी जायला बघतात. पण रेल्वे क्वार्टरकडची बाजू घ्या. सरळ रस्ते, कडुलिंबाची झाडं, सायकलीची घंटी आणि दूरवर शंटिंगचा खडखडाट, एवढाच काय तो आवाज. मी तिथेच वाढले. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, रेल्वेत चावीवाले होते.

चावीवाला म्हणजे रुळाचा राखणदार. रूळ खालच्या स्लीपरला लोखंडी चाव्यांनी जखडलेला असतो. गाड्यांच्या हादऱ्याने त्या चाव्या ढिल्या होतात. चावीवाल्याने रोज आपल्या हद्दीतली लाइन पायी चालायची आणि ढिली चावी दिसली की हातोड्याने ठोकून बसवायची. या रोजच्या हद्दीला ते बीट म्हणत. पुढे मी पोस्टात लागले तेव्हा कळलं, आमच्याही रोजच्या फेरीला बीटच म्हणतात. आप्पांना त्याचं फार अप्रूप वाटलं.

“म्हंजी तूबी चावीवालीच की,” ते म्हणाले आणि चहाचा कप खाली ठेवून हसत बसले.

त्यांचं बीट मनमाडकडच्या एकेरी लायनीवर, भीमेच्या पुलापलीकडे होतं. जाताना ते एका रुळावर नजर ठेवून जात आणि येताना दुसऱ्यावर. दोन्ही रूळ एका फेरीत बघायला गेलं तर एकही धड बघून होत नाही, असं त्यांचं म्हणणं. हा नियम त्यांनी घरातही आणला होता. बाजारात जाताना रस्त्याच्या एका कडेची दुकानं करायची, येताना दुसऱ्या कडेची. आई वैतागायची. गिरणी एका कडेला, भाजी दुसऱ्या कडेला, आणि मधेच आठवण झाली तरी हा माणूस रस्ता ओलांडायला तयार नाही. अंतरही ते लायनीकडेच्या तारांच्या खांबांवर मोजायचे. आमची शाळा क्वार्टरपासून अमुक खांब, बुद्धविहार तमुक खांब.

सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन बीटवर जायचे. तिथे एक कायदा होता आणि तो मोडलेला त्यांना चालत नसे. इंजिनाचा हॉर्न ऐकू आला की लाइन सोडून खडीच्या खाली उतरायचं, वळून गाडीकडे तोंड करून उभं राहायचं, हिरवं निशाण धरायचं आणि पहिल्या चाकापासून शेवटच्या चाकापर्यंत गाडी बघायची. काही लोंबतंय का, कुठून धूर येतोय का. शेवटच्या डब्यातून गार्ड हात करी. आप्पा निशाण खाली घेत आणि मगच आम्ही पुन्हा लाइनवर चढायचो.

“गाडीला पाठ दावायची न्हाई, पोरी,” ते बजावत. “पाठ दावली की संपलं.”

मी शेजारी हातरुमाल धरून उभी राहायचे. गार्ड मलाच हात करतो अशी माझी खात्री होती, आणि अजून आहे.

आप्पांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष आलं ते आईशिवाय. आदल्या उन्हाळ्यात ती गेली होती. मी लग्न केलं नव्हतं. त्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती इथे सांगायची माझी इच्छा नाही. म्हणजे आप्पा दौंडला क्वार्टरमध्ये एकटे, मी शिरूरला दोन खोल्यांत एकटी, आणि मधे एसटीचा खडखडता प्रवास. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागणार होतं. मी मनात सगळं ठरवून टाकलं होतं. आप्पा माझ्याकडे येणार. त्यांच्यासाठी बाहेरच्या खोलीत खाटही टाकली. आप्पा मात्र हो म्हणेनात, नाही म्हणेनात.

“आधी बीट बघू दे,” एवढंच म्हणाले.

एका रविवारी ते बीट बघायला शिरूरला आले. मी स्टँडवर घ्यायला गेले. हातात पिशवी, डोक्याला टोपी, पायात रेल्वेचे जाडजूड बूट. माझी खोली तिथून चालत दहा मिनिटांवर. स्टँडच्या बाहेर पाऊल टाकलं आणि मागून जीपने हॉर्न वाजवला. आप्पा झटकन रस्त्याच्या कडेला उतरले, वळून जीपकडे तोंड करून उभे राहिले आणि हात वर केला.

जीप करकचून थांबली. “चला बाबा, तळेगाव, शिक्रापूर!” क्लीनर ओरडला. आप्पा त्याच्याकडे नाही, चाकांकडे बघत होते. “बसायचं न्हाई तर हात कशाला करता?” म्हणून तो चिडून गेला. आम्ही चार पावलं चाललो. कंटेनर आला. पुन्हा खाली उतरणं, वळणं, हात, शेवटच्या चाकापर्यंत बघणं. मग एसटी, मग दुसरी जीप. तीही थांबली. हॉर्न थांबत नव्हते आणि आप्पाही थांबायचे थांबत नव्हते. स्कूटरवरच्या एका गुरुजींनी नमस्कार समजून उलटा नमस्कार केला.

सुरुवातीला मला हसू येत होतं. मग लोक बघायला लागले. ही माझी माणसं, रोज टपाल घेणारी. चहाच्या टपरीवर कुणीतरी आप्पांसारखा हात वर करून दाखवला आणि बाकीचे खिदळले. माझं डोकं सटकलं. राग त्यांच्यावर काढायचा तो मी आप्पांवर काढला.

“आप्पा, हे रूळ न्हाईत! चालायचं तर सरळ चाला! माझी पार शोभा झाली!”

भर रस्त्यात ओरडले मी. आप्पांनी हात खाली घेतला. त्यानंतर खोलीपर्यंत त्यांनी हात वर केला नाही, पण प्रत्येक हॉर्नला खाली उतरून वळायचे ते वळलेच. दहा मिनिटांच्या रस्त्याला तासाच्या वर लागला.

जेवण झालं. बाहेरच्या खोलीतली खाट त्यांनी हाताने दाबून पाहिली, बरी आहे म्हणाले. विहार किती खांब, विचारलं. मी घुश्शातच होते. शिरूरला खांब मोजायचा धंदा नाही, असं काहीतरी तोडून बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला बसताना ते म्हणाले, “तुझं गाव चांगलं हाय. मला न्हाई जमायचं. मी दौंडातच बघतो एखादी खोली.”

एसटी गेली आणि मी थैली घेऊन बीटवर निघाले. त्या दिवशी दोन घरांची पत्रं मी एकमेकांच्या दारात टाकली. माझ्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. बापाला लाइन लेकीपेक्षा जवळची वाटते, हे मला फार लागलं होतं. मी ओरडले होते, हे त्यात सोयीने विसरले होते.

पण मीही त्यांचीच मुलगी. शिरूर जमत नाही तर दुसरं गाव बघू, मी बदली मागते, असं मी पत्राने कळवलं. पोस्टातल्या माणसाने पत्रच पाठवायचं. उलट टपाली कार्ड आलं, ‘रविवारी मोकळा आहे.’ मग त्या थंडीत आम्ही बापलेक रविवारी गावं तपासत हिंडलो. लोक लेकीसाठी स्थळं बघतात, आम्ही गावं बघत होतो.

यवत पहिलं. बसची सोय झकास, दुकानं, ढाबे, दवाखाना, सगळं हाताशी. पण सगळं सोलापूर रस्त्याला चिकटलेलं. आप्पा एका कडेने गावाच्या टोकापर्यंत चालत गेले. परत येताना नियमाप्रमाणे पलीकडच्या कडेने यायचं, तर रस्ता ओलांडता येईना. आम्ही एका ढाब्यासमोर उभे. ट्रकमागून ट्रक. आप्पा एक पाऊल टाकत आणि मागे घेत. अर्ध्या तासाने ते ढाब्यातल्या बाकावर येऊन बसले.

“हितं दुसरा रूळ बघताच येत न्हाई,” ते म्हणाले. यवत तिथेच बाद झालं. आम्ही कांदाभजी खाल्ली आणि आलेल्या कडेनेच परत गेलो.

राहू त्यांना मनापासून आवडलं. दोन्हीकडे ऊस, मधून रस्ता, उसाने भरलेली ट्रॉली आली तरी ती बैलाच्या चालीने येते आणि ड्रायव्हर ‘रामराम पाव्हणं’ म्हणून जातो. आप्पांनी तिथे जाताना आणि येताना अशा दोन्ही कडा बघितल्या, वर एका शेतकऱ्याकडून उसाचं कांडं मागून घेतलं. पण तिथे माझ्या बदलीला जागाच नव्हती. मी तसं सांगितलं. “मग मला कशाला आणलं हितं?” असं ते कांडं चोखत म्हणाले. उत्तर सोपं होतं. त्यांच्याबरोबर चालायला मला आवडत होतं. ते मात्र मी सांगितलं नाही.

राहिलं तळेगाव ढमढेरे. तिथे पोस्टात जागा होती. शिरूरच्याच तालुक्यात, गाव मोठं पण गावपण न सोडलेलं. आम्ही गेलो तो नेमका बाजाराचा दिवस. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कोथिंबीर, मेथी, वांग्यांचे ढीग, मधे माणसांची दाटी, त्यातून रांगणारे टेम्पो आणि जीपा. आप्पांची चाल मला त्या दिवशी वेगळी वाटली. ते सारखी मान फिरवत होते, इकडे, तिकडे, मागे. मी मागून येत होते. हातात त्यांच्यासाठी घेतलेली पेरूची पिशवी. त्यांच्या उजव्या बाजूने हाक मारली, “आप्पा, पेरू घेतलेत.” उत्तर नाही. पुन्हा मारली. शेजारची भाजीवाली वळून बघायला लागली, आप्पा नाही.

आणि तेवढ्यात उजवीकडच्या बोळातून टेम्पो निघाला, हॉर्न वाजवत. आप्पा दचकले आणि झटकन बाजूला झाले. पण चुकीच्या बाजूला. टेम्पोकडेच. डावीकडे तोंड करून, हात वर करून, ते भलत्याच बाजूची गाडी शोधत उभे राहिले, आणि खरी गाडी त्यांच्या पाठीशी होती. गाडीला पाठ दावायची न्हाई म्हणणारा माणूस पाठ करून उभा होता.

मी पेरू टाकले आणि दंडाला धरून त्यांना खेचलं. टेम्पोवाल्याने ब्रेक मारला, शिव्या दिल्या आणि गेला. भीती वाटली की मला रागच येतो.

“ऐकू येत न्हाई का तुम्हाला?”

“उजव्यानं न्हाई येत,” आप्पा म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. माणूस चिडून विचारतो त्याला कुणी उत्तर देतं का? आम्ही पेरू वेचले. मग एका टपरीच्या बाकावर बसलो. मी नकळत त्यांच्या उजवीकडे बसले, तर ते उठून माझ्या पलीकडे जाऊन बसले, डावा कान माझ्याकडे येईल असे. मग सांगितलं. दिवाळीच्या आधीपासून उजवा कान बसला होता. एका सकाळी उठले तो बंदच. आज उघडेल, उद्या उघडेल, करत राहिले. साहेबाला सांगितलं असतं तर लाइनवरून काढून कुठेतरी स्टोअरमध्ये बसवलं असतं. थोडेच महिने राहिले होते.

“आन् मला?” मी विचारलं. “मला का न्हाई सांगितलं?”

“तू वरडली असतीस.”



मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजही शब्दाला शब्द आठवतं. “एका कानानं आवाज येतो, पर कुठनं येतो ते कळत न्हाई. लायनीवर भागतं. तिथं दोनच बाजू असत्यात. पुढनं न्हाई तर मागनं. मान फिरवली की झालं. गावाला लई बाजू हायत, पोरी. शिरूरला तर सगळीकडनंच वाजतं. म्हणून मी दर टायमाला खाली उतरून बघायचो. हातबी त्याच्यासाठीच. मी हितं हाय, हे त्याला तरी दिसू दे.”

मी शिरूरच्या रस्त्यावर ओरडले होते ते सगळं परत ऐकू आलं मला. माझी शोभा झाली म्हणाले होते. त्यांच्या जिवाचा प्रश्न होता आणि मला टपरीवरच्या चार टवाळांचं हसणं दिसलं होतं. मी तिथेच, बाजाराच्या गर्दीत, पदराला डोळे पुसत रडले. आप्पांनी पेरू फोडून अर्धा माझ्या हातात दिला.

“खा. गोड हाय,” म्हणाले.

रडून झालं आणि पुन्हा रागच आला. एका कानाने रोज लाइनवर चालताय, काही झालं असतं म्हणजे? मी हट्टच धरला. आप्पांची शिल्लक रजा होती ती त्यांनी दुसऱ्या दिवसापासून टाकली. कानाच्या डॉक्टरला दाखवलं. त्याने आत बॅटरी मारून बघितलं आणि उशीर झाला म्हणाला. रजेवर जाताना आप्पांनी एकच अट घातली. नोकरीचा शेवटचा दिवस बीटवर घालवायचा. मी म्हटलं, ठीक आहे, पण मी बरोबर येणार.

खोलीचं मात्र तसंच लोंबकळत राहिलं, उलट आणखी अवघड झालं. आता ते म्हणायला लागले, असलं लोढणं तुझ्या गळ्यात कशाला? दौंडला त्यांच्याबरोबरचे एक रिटायर गँगमन होते. त्यांच्या आळीत एक खोली रिकामी होती, ती आप्पांनी बघूनही ठेवली. दिवसभर तू टपाल वाटणार आणि मी घरात डांबून, त्यापेक्षा हितं ओळखीचा रस्ता तरी हाय, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. मी बदलीचा अर्ज लिहून ठेवला होता, दौंडसाठी. पण दौंडला जागा नव्हती आणि कधी होईल हे कुणी सांगत नव्हतं. अर्ज माझ्या थैलीत तसाच राहिला.

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. आप्पांनी हातोडा, पाना, दोन्ही निशाणं घेतली. मी डबा घेतला, लहानपणी घ्यायचे तसा. भीमेच्या पुलापलीकडे लाइनवर आल्यावर मी त्यांच्या उजवीकडे चालायला लागले. आप्पांची नजर रुळावर. कुठे चावी ढिली दिसली की वाकत, दोन ठोके देत, रुळावर हात ठेवत आणि पुढे निघत. आमची पावलं आपोआप एका मापाची पडत होती. स्लीपरवर चालणाऱ्याला पाऊल आपल्या मर्जीने टाकता येत नाही. मला ते लहानपणापासून माहीत होतं, पेठेतसुद्धा मी तशीच चालते. बायका हसायच्या माझ्या चालीला.

बीटच्या टोकाला बसून आम्ही भाकरी खाल्ली. मग परत फिरलो, आता दुसऱ्या रुळावर नजर ठेवून. वळताना आप्पा थांबले आणि मी पलीकडे जाऊन पुन्हा त्यांच्या उजवीकडे येईपर्यंत वाट बघितली. ते त्यांनी मुद्दाम केलं की सवयीने, मला माहीत नाही. सवय व्हायला एक सकाळ पुरते की काय?

अर्ध्या वाटेवर इंजिनाचा हॉर्न मी आधी ऐकला. पाठीमागून, लांबून. मी त्यांच्या कोपराला हात लावला. “मागनं हाय, आप्पा.” मान न फिरवताच ते खाली उतरले. महिनोनमहिने हा माणूस प्रत्येक आवाजाला चारी दिशांना मान फिरवत होता. आज त्याने माझ्या शब्दावर पाऊल टाकलं. आम्ही खडीच्या खाली उभे राहिलो, गाडीकडे तोंड करून. आप्पांनी हिरवं निशाण धरलं. माझ्याकडे निशाण नव्हतं. मी पदराचं टोक धरलं आणि मलाच हसू आलं. पॅसेंजर होती. एकेक चाक समोरून गेलं. शेवटच्या डब्यातल्या गार्डने हात केला.

निशाण गुंडाळून आप्पांनी ते पिशवीत ठेवलं. लाइन मोकळी झाली होती, तरी लगेच वर चढले नाहीत.

“तुझ्या बीटवर सकाळी किती वाजता निघतीस?” त्यांनी विचारलं.

“टपालाची गाडी आली की. नऊ-साडेनऊ.”

“आन् संगं कोण असतं?”

“कोण असणार? एकटीच.”

“थैली कुठल्या खांद्याला?”

“उजव्या.”

त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांकडे बघितलं.

“म्हंजी डावी बाजू मोकळीच हाय की,” आप्पा म्हणाले. “मग तिकडनं मी चालतो. बाईमाणसानं एकटीनं एवढं कशाला चालायचं?”

त्यांची काळजी मी घ्यायची होती, आणि हा माणूस माझ्या सोबतीला निघाला होता. मी म्हटलं, “शिरूरला हॉर्न लई वाजतात, आप्पा.”

“वाजू दे. तू सांग मागनं हाय का पुढनं.”

त्यानंतर बरीच वर्षं शिरूरच्या पेठेत टपाल दोघांनी वाटलं. म्हणजे वाटलं मीच, आप्पा नुसते चालले, सकाळी गल्लीच्या एका कडेने, परतताना दुसऱ्या कडेने. म्हाताऱ्या ओट्यावरून दोघांना पाणी विचारायच्या. वडापवाल्यांना पुढे सगळं कळलं. आप्पा कडेला उभे राहून हात वर करीत तेव्हा त्यांच्यातले काही जीप न थांबवता नुसता हात वर करून जात, अगदी गार्डसारखा. आमच्या खोलीपासून विहार किती खांब, तेही आम्ही मोजलं. रस्त्यावरचे विजेचे खांब धरून. विहाराजवळचा एक वाकलेला होता, तो धरायचा की नाही यावर आमचं कधीच एकमत झालं नाही.

आता आप्पा नाहीत आणि मीही रिटायर झाले. गावाबाहेर नवीन रस्ते झाले, जुन्या गल्ल्या तशाच आहेत. सकाळी मी फिरायला निघते. थैली नसते, तरी उजवा खांदा किंचित झुकलेला असतो, आणि मी रस्त्याच्या कडेला डावीकडे एका माणसाची जागा सोडून चालते. मागून हॉर्न वाजला की अजून हळूच म्हणते, “मागनं हाय, आप्पा.”